झोपेची गोळी बंद करावी का? (डिप्रेशनचं औषध चालू आहे)

आमराई_देवगड
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४४, देवगडजवळ स्वतःची कलमं आहेत. गेला मोसम वाईट गेला, मोहोर आला तसा गळला, फवारणीचा खर्चही वसूल झाला नाही. पण ते निमित्त असावं. पाऊस लागला तशी माझी झोप गेली. अंथरुणावर पडलं की डोळा लागतो, पण तीनच्या सुमारास टक्क जाग. मग कौलावरचा पाऊस ऐकत उजाडायची वाट बघायची. जेवण जाईना, बागेकडे पाऊल वळेना. घरात मी एवढंच सांगितलं की झोप होत नाही. बायकोनं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कणकवलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ते म्हणाले डिप्रेशन आहे. एक गोळी दिली, रात्री जेवणानंतर.

आता दोनेक महिने झाले. फरक आहे. जेवतोय, माणसांत बसतोय, झोपही बरीच सुधारली. पहाटेची जाग मात्र अधूनमधून आहेच, आणि सकाळी दहापर्यंत डोकं जड. घरी आई आणि मुंबईचा भाऊ दोघंही मागे लागलेत की झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, बरं वाटतंय तर बंद कर. पुढची तारीख जवळ आली आहे, पण भाताची कापणी तोंडावर, कणकवलीला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तर ही गोळी आपली आपण बंद केली तर चालेल का? की आधी अर्धी करू?

सात्त्विक_दिनचर्या
दादा, बरं वाटतंय म्हणजे शरीरानं स्वतःला सावरलंय. केमिकल बंद करा. रात्री दुधात जायफळ, तळपायाला तूप लावून काशाची वाटी, सोबत अश्वगंधा. आठ दिवसांत लहान मुलासारखी झोप लागेल. माझा स्वतःचा अनुभव आहे.

जुना_केमिस्ट
आमराई, आज रात्रीची गोळी घ्यायच्या आधी एक काम करा. पट्टी उलटी करा आणि मागं बारीक अक्षरात औषधाची रचना लिहिलेली असते ती इथे टाका. कंपनीचं नाव नको, फक्त रचना. तोवर बंद नको, अर्धी नको.

आमराई_देवगड
लाइट गेली होती, मोबाइलच्या उजेडात वाचलं. एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपॅम ०.५ मिग्रॅ. म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं? मला वाटत होतं एस्सिटॅलोप्रॅम हीच झोपेची गोळी.

जुना_केमिस्ट
हेच वाटलं होतं मला. तीस वर्षं काउंटरमागे काढली, या जोडगोळीनं झालेला गोंधळ सगळ्यात जास्त पाहिलाय.

एस्सिटॅलोप्रॅम हे तुमच्या डिप्रेशनचं औषध. ते झोपेचं नाही. उलट पहिल्या काही आठवड्यांत काहीजणांची झोप त्यानं चाळवते, जीव घाबराघुबरा होतो. त्याचा खरा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. तोवर माणूस तग धरावा म्हणून सोबत क्लोनाझेपॅम देतात, ते पहिल्याच रात्री काम करतं. दोन गोळ्यांऐवजी एकच घ्यायला सोपी म्हणून आपल्याकडे ही एकत्र गोळी धडाक्यात चालते. डॉक्टरांचं त्यात चुकतं असं नाही, दोन पट्ट्या दिल्या तर माणूस एक विसरतोच. पण पुढे तुमच्यासारखी पंचाईत होते. सवयीची भीती आहे क्लोनाझेपॅमची आणि तुम्ही बंद करायला निघालात दोन्ही, तेही एका रात्रीत.

तसं केलंत तर काय होतं ते सांगतो. क्लोनाझेपॅम एकदम सुटलं की झोप पहिल्यापेक्षा वाईट होते, हात थरथरतात, धडधडतं, आणि बरेच दिवस किंवा जास्त मात्रेत घेतलेल्यांना झटकेसुद्धा येऊ शकतात. एस्सिटॅलोप्रॅम एकदम सुटलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं. माणसाला वाटतं बघा, सवय लागलीच होती. घरच्यांनाही तेच वाटतं. मग एकतर गोळी कायमची पकडून ठेवतात नाहीतर औषधाचं नावच टाकतात.

डॉक्टरांना फोन करा. दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून द्या म्हणावं, म्हणजे एक चालू ठेवून दुसरं हळूहळू उतरवता येईल.

चाकरमानी_डोंबिवली
मी आमराईंच्या भावाच्या जागी आहे असं समजा, म्हणून लिहितो. आम्ही मुंबईत बसून फोनवर "बंद कर" म्हणतो ते काही उगाच नाही. आमच्या चाळीतले एक काका वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम घेत होते, चिठ्ठी संपली की कासावीस व्हायचे, या दुकानातून त्या दुकानात. ते बघून धसका घेतलाय. सवय लागते हे तर खरं ना?

पीएचसीवाला
खरं आहे. मी सिंधुदुर्गातच प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो, मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण रोज याच तक्रारी येतात.

भावाची भीती खरी, फक्त ती चुकीच्या औषधाला चिकटली आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम ही सगळी एका घरातली. यांची सवय लागते, मात्रा अपुरी पडायला लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये या सगळ्या गटाच्या माहितीपत्रकावर सवयीचा इशारा ठळक चौकटीत टाकायला लावला. म्हणूनच ती शक्यतो थोड्या आठवड्यांपुरती द्यायची. डिप्रेशनच्या औषधांचं तसं नसतं. त्यांची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. ती बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असतात. आजार लवकर उलटतो तो बहुतेक वेळा इथेच, बरं वाटतंय म्हणून सोडल्यावर.

सकाळच्या जड डोक्याबद्दल. क्लोनाझेपॅम शरीरातून फार सावकाश जातं, अर्धं उतरायलाच दिवसाहून जास्त लागतो. रात्री घेतलेली गोळी सकाळी दहाला अंगात असते, आणि आदल्या रात्रीचीही थोडी असते. त्यामुळे आमराई, तोवर सकाळी झाडावर चढणं आणि घाटात मोटरसायकल नको. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, बहुतेक पेशंट सांगतच नाहीत.

आणि तीनची जाग. ती गोळी कमी पडते म्हणून येत नाही. पहाटे लवकर जाग येणं, तेव्हा मन सगळ्यात काळं असणं आणि दिवस चढेल तसं थोडं हलकं वाटणं, हे डिप्रेशनचंच लक्षण आहे. तिच्यावर झोपेची गोळी वाढवणं हा उपाय नाही. मूळ आजार उतरेल तशी ती मागे हटते, पण पुष्कळदा उशिरा. झोप अर्धवट राहिली तर आजार उलटायची शक्यताही जास्त, म्हणून "आता एवढं काय" म्हणून सोडूनही देऊ नका.

जुना_केमिस्ट
आमराई, एक विचारतो, राग मानू नका. तीन वाजता जाग येते तेव्हा नको ते विचार येतात का?

आमराई_देवगड
यायचे. श्रावणात जास्त. आता क्वचित. बायकोला सांगितलंय. पट्टी तिच्याकडेच असते, तिच्या साड्यांच्या कपाटात. रोज एक गोळी काढून देते.

जुना_केमिस्ट
वहिनींना नमस्कार सांगा. हे असंच चालू ठेवा. आणि १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात, मराठीत बोलतात. विचार परत वाढले तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जवळचा दवाखाना.

बंदरावरचो
माझो बापूस जलम सगळो बोटीर रवलो. आता थकलो, घराकडेच असता. रात्री दर्यात आणि दिवसा झोप, ही जन्माची सवय, आता रात्रीची झोप खय येतली? कोणीतरी कधीतरी झोपेची गोळी लिहून दिलेली. तीच जुनी चिठी घेवन हो अजून गोळये आणता. वर संध्याकाळी थोडी घेता ती वायलीच. सकाळी उठवलंय तर बोलणा धड नाय. आई म्हणता बाहेरचा काय तरी हा, देवाक गाऱ्हाणा घाल. माका इचारूचा हा, आता ह्या गोळयो लपवून ठेवलंय तर चलात काय?

पीएचसीवाला
नको, लपवू नका. तुमच्या वडिलांचं प्रकरण या धाग्यातलं सगळ्यात तातडीचं आहे.

दारू आणि झोपेची गोळी दोन्ही मेंदूला एकाच बाजूनं दाबतात. एकत्र आल्या की श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. ते घोरत असतील, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल तर धोका आणखी. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्याची दारू आणि गोळी एका दिवसात तोडली तर झटके, भ्रम, काहीही होऊ शकतं. म्हणून ते दवाखान्यात, देखरेखीखाली करायचं. गाऱ्हाणं घाला की, आईचं समाधान होईल, पण त्याच आठवड्यात त्यांना जिल्हा रुग्णालयात न्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथं असतात. जाताना गोळ्यांची पट्टी आणि ती जुनी चिठ्ठी दोन्ही घेऊन जा आणि रोज किती पितात ते खरं सांगा. जाईपर्यंत रात्री झोपल्यावर कोणीतरी लक्ष ठेवा. झोपेतून उठेचनात किंवा श्वास अडकतोय असं दिसलं तर लगेच १०८.

डिप्रेशन की दारू, हे आत्ता ठरवायची गरज नाही. पुष्कळदा दोन्ही असतं.

बंदरावरचो
बरा. आयतवार झालो की नेतंय. दारू किती पिता ता आईक पण म्हायत नाय, माका म्हायत हा.

जुना_केमिस्ट
जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळतात हे वाचून मान खाली जाते. अल्प्राझोलाम, डायझेपॅम, झोल्पिडेम वगैरे २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. चिठ्ठी बघून द्यायची, वेगळ्या वहीत पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध, नग लिहायचे, ती वही ३ वर्षं जपायची. आता इथल्या वाचकांची दुसरी भीती, कारण मला कितीजणांनी दुकानात कानाशी येऊन विचारलंय: ती वही औषध निरीक्षकासाठी असते, गावासाठी नाही. नाव चढलं म्हणून देवळात बातमी जात नाही. निदान माझ्या दुकानातून कधी गेली नाही.

आमराई_देवगड
तुम्ही बरोबर ओळखलंत काका. मी देवगडात औषध घेतच नाही. कणकवलीहूनच घेऊन येतो, पिशवीसुद्धा दुसऱ्या दुकानाची.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणची, शाळेत शिकवते. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी चढलं तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. त्यानंतर दर पावसाळ्यात पाऊस जोरात लागला की झोप नाही. दर तासाला उठून खिडकीतून रस्ता बघायचा. मला वाटायचं सगळ्या चिपळूणचंच असं आहे, त्यात औषध काय घ्यायचं.

तज्ज्ञांनी सर्ट्रालिन (तेही डिप्रेशनच्या औषधांतलंच) दिलं, सकाळी, आणि पहिल्या काही आठवड्यांपुरती रात्री झोपेची अर्धी गोळी. ती अर्धी गोळी उतरवताना त्या डॉक्टर बाईंनी कागदावर आठवडे आखून दिले होते: अर्धी, मग पाव, मग एक रात्र सोडून पाव. पाव करताना गोळीचा भुगा होतो हो. औषधाच्या दुकानात गोळ्या कापायचं प्लॅस्टिकचं यंत्र मिळतं, ते घ्या, घरच्या सुरीनं नको. पाव करण्याच्या आठवड्यात दोन-तीन रात्री खरोखर वाईट गेल्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल आणि ओसरेल, म्हणून मी पुन्हा अर्धीवर गेले नाही. ओसरलंच.

अवांतर: पुरात घरातली औषधंही गेली होती आणि दुकानंही. तेव्हापासून पावसाळ्यात पंधरा दिवसांचं औषध हवाबंद डब्यात वर ठेवते. पण वर आमराईंनी लिहिलंय तसं घरात कोणाचे विचार बरे नसतील तर साठा करणंही धोक्याचं. त्यांच्याकडे हा डबा शेजारच्या घरी ठेवलेला बरा.

सुपारीवाली
मी गुहागरकडची. सासूबाई ७१. मामंजी गेल्यावर त्यांनी अंथरूण धरलं, झोप नाही, बोलणं नाही. अल्प्राझोलाम ०.२५ सुरू झालं, झोपायला लागल्या, आम्हीही सुटलो. पण आमचं जुनं घर, संडास मागीलदारी, मध्ये जांभ्याच्या पायऱ्या आणि पावसात त्यावर शेवाळ. रात्री दोनला उठल्या, गोळीची गुंगी होतीच, पाय सटकला. खुब्याचं हाड. ऑपरेशन, सहा महिने वॉकर.

नंतरच्या डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू काढली आणि मिर्टाझापीन ७.५ रात्री दिलं. डिप्रेशनचंच औषध, पण झोप आणतं. भूकही उघडली, मागून भात घ्यायला लागल्या. वजन वाढतं त्यानं, पण त्यांचं वाढायलाच हवं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली जी आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती: रक्तदाबाची गोळी कधी घेतात? लघवी जास्त होणारी होती ती, आणि त्या रात्री जेवताना घ्यायच्या. ती सकाळवर आणली. रात्रीचं उठणं चारवरून एकावर आलं.

पीएचसीवाला
सुपारीवाली ताई, तुमची पोस्ट छापून केंद्रात लावावी अशी आहे. साठीच्या पुढे या गटातल्या गोळ्यांनी पडणं, हाड मोडणं, भ्रमिष्टपणा हे सगळं वाढतं. लोक सर्दीची गोळी झोपेसाठी घेतात, तेही म्हाताऱ्या माणसांत वाईट, लघवी अडते. मिर्टाझापीनची गंमत म्हणजे कमी मात्रेत झोप जास्त येते, मात्रा वाढवली की ती गुंगी कमी होते. त्यामुळे "झोप येईना, अजून एक घेतो" हे तिथे उलटं पडतं.

सात्त्विक_दिनचर्या
सगळे गोळ्यांच्याच बाजूचे दिसताय. आपल्या आज्या-पणज्यांना कुठे होतं डिप्रेशन? कष्ट करायच्या, पडल्या की झोपायच्या.

सुपारीवाली
माझी आजेसासू विहिरीवर बसून राहायची तासन्‌तास. घरात म्हणायचे तिला लागीर झालंय. नाव नव्हतं एवढंच.

पीएचसीवाला
जायफळ चिमूटभर दुधात, तळपायाला तूप, याला माझी अजिबात हरकत नाही, माझी आईही करते. पण जास्त जायफळ विषारी आहे, हे पण लिहा. अश्वगंधेनं गुंगी येऊ शकते, थायरॉइडवरही परिणाम होतो, त्यामुळे या गोळ्यांसोबत घेत असाल तर डॉक्टरांना सांगून घ्या. आणि चालू औषध बंद करायला सांगणं हा घरगुती उपाय नाही, तो वैद्यकीय सल्ला आहे. तो अनोळखी माणसाला धाग्यावर देऊ नये. मीही देत नाहीये, डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं सांगतोय.

बिनगोळीचं हवं असेल तर तेही भक्कम आहे. जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये गोळी नाही, झोपेसाठीची वर्तणूक-उपचारपद्धती सुचवली. त्यातलं जे इथं जमेल ते: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. जाग आल्यावर बराच वेळ तळमळलात तर अंथरूण सोडून ओटीवर येऊन बसा, पेंग आली की परत. घड्याळ बघायचं नाही, मोबाइल तर नाहीच. सकाळी चहा खळ्यात, उजेडात. दुपारचा शेवटचा चहा चारच्या आत. आणि आता शिव्या खाणार आहे: माशाचं जेवण जेवून दोन तास पडणं बंद. अगदीच हवं तर वीस मिनिटं.

बंदरावरचो
डॉक्टर, गोळी सोडूक सांगा, दारू सोडूक सांगा, दुपारची झोप सोडूक सांगल्यात तर मालवणात कोण ऐकाचा नाय.

आमराई_देवगड
कळवायचं राहिलं होतं. डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या मदतनीस मुलीनं उचलला, त्यांनी संध्याकाळी परत केला. पट्टीवरचं वाचून दाखवलं, सकाळच्या जडपणाचं सांगितलं. म्हणाले तारखेला या, कापणी असली तरी या. गेलो. आता एस्सिटॅलोप्रॅम एकटं, सकाळी न्याहारीनंतर. क्लोनाझेपॅमची वेगळी पट्टी, उतरवायचा कागद लिहून दिलाय, वाशिष्ठीकाठ ताईंनी सांगितला तसाच, फक्त टप्पे जरा लांब. थायरॉइडची तपासणीही सांगितली. दोन पट्ट्या झाल्यामुळे बायकोनं दोन पुड्या करून नावं घातलीत, "सकाळ" आणि "रात". भावाला हा धागा पाठवला. त्यानं वाचला असावा, कारण काल फोनवर गोळीचं काही बोलला नाही, पालवी कशी आहे विचारलं.

तीनची जाग या आठवड्यात दोनदा आली. ओटीवर येऊन बसलो. डास फार आहेत, त्याला काय करायचं तेही सांगा.

सुपारीवाली
शेणीची धुरी करा संध्याकाळीच, आणि पायात मोजे.

चाकरमानी_डोंबिवली
बंदरावरचो, वडलांना नेलंत का?

बंदरावरचो
नेलंय. ॲडमिट करून घेतला. आई वांगडा रवली हा. पट्टी, चिठी सगळा दिलंय. किती पिता ता मी सांगलंय, तो माझ्याकडे बघीत रवलो पण नाय म्हणूक नाय.

पीएचसीवाला
छान केलंत. सोडताना कागदावर कुठली गोळी कधी, ते स्वतः वाचून घ्या आणि जुनी चिठ्ठी त्यांच्या समोर फाडा. काही अडलं तर इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.